बाचं पडणारं मत

माझा बा जन्मभर पडणाऱ्या उमेदवारालाच मत देत आला. हट्टी म्हणा, पण त्याने पक्ष बदलला नाही. या लोकसभेला मात्र त्याने जाहीर केलं की आपण खोडाळ्याच्या घरीच बसणार. आपलं मत दरवेळी पाण्यात जातं, तर उन्हात जायचं कशाला?

मी जव्हारला नागरिकशास्त्र शिकवते. मतदानाला गावी आले होते. बाला असा रुसलेला बघून वाईट वाटलं, आणि शिकवायची खोडही जाईना. ओट्यावर बसून मी त्याला सांगितलं की काही देशांत पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात जागा मिळतात. तिथे तुझ्या पक्षाचे दोनचार तरी निवडून आले असते. बाला पटेना. पक्षाने यादीतून धाडलेला माणूस आपला कसा, आणि रस्ता वाहून गेला तर भांडायचं कोणाशी? मुद्दा खरा होता, म्हणूनच मी चिडले.

मग मला मासे आठवले. उन्हाळ्यात नदी आटली की आमचा सगळा पाडा मिळून डोहातले मासे धरतो आणि सागाच्या पानांवर घराघराचे वाटे घालतो. वाटे घालणारा बाच. मी विचारलं, ज्याच्या जाळ्यात जास्त आले त्यानेच सगळे न्यावेत, असं तू चालू देशील का? बा गालात हसला. वाटा तर घरी राहिलेल्या म्हाताऱ्याचाही असतो आणि बाळंतिणीचाही, मग आपण घरी राहिलो तरी चालतंय, असं म्हणून त्याने भिंतीला पाठ टेकली.

आय दारात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"नकोच येऊ तू," ती म्हणाली. "मी दर टायमाला दुसऱ्यालाच देते. तू घरी बसलास तं माझ्यावाल्याला बरंच."

बा तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या संसारात त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. मग तो उठून चपला शोधू लागला. केंद्रापर्यंत बा पुढे, आय मागे.

निकालात आयचा उमेदवार आला, बाचा नेहमीसारखा पडला. त्याच्या पक्षाला दिल्लीत एखादी जागा मिळायला हवी होती, असं मला आजही वाटतं, आणि फोनवर मी ते बोलूनही दाखवलं. पण बा भलताच खुशीत होता. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

"तुझ्या आयचा आला, येऊ दे," तो म्हणाला. "पण त्याचं लीड एका मतानं कमी झालं. ते मी केलं."