कानात सांगितलेलं

काकीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिला इंदापूरजवळच्या गावाहून बारामतीला आणलं. दवाखान्यातून सोडल्यावर व्यायामासाठी ती आमच्याच घरी राहिली. सोबत तात्या, माझे थोरले चुलते. माझं काम घरून चालतं, त्यामुळे दुपारी तिच्याजवळ मीच असायचे. मला फारसं बोलायला जमत नाही आणि तेव्हा तिलाही जमत नव्हतं. आमचं बरं चाललं.

हळूहळू तिचे शब्द परत आले. पाणी, पंखा, उशी. एका दुपारी तिनं जपमाळ मागितली. उजवा हात पडलेला, म्हणून मी ती डाव्या हातात दिली. तिनं पहिला मणी धरला आणि तशीच बसून राहिली. डाव्यात दिली म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेलं, काकी?"

"मंत्र."

तिनं आणि तात्यांनी तरुणपणी एकाच दिवशी मठातल्या महाराजांना गुरू केलं होतं. महाराजांनी एकेकाला जवळ घेऊन, डोक्यावर उपरणं ओढून, कानात मंत्र सांगितला. तो कुणाला सांगायचा नाही, नवऱ्यालाही नाही. सांगितला की तो आपला राहत नाही.

लहानपणी मी विचारलं होतं, दोघांचा मंत्र एकच आहे का? काकी हसली होती. "तुझ्या शाळेत समद्यांना एकच धडा. आमच्या गुरूनं माझ्याकडं बघून मला दिला, ह्यांच्याकडं बघून ह्यांना."

"मला अवघड दिला असंल," तात्या म्हणाले होते.

"व्हय, तरी तंबाखू सुटंना."

ते महाराज आता नव्हते. मठात त्यांची समाधी होती. मोबाईलवर शोधावं असं माझ्या मनात आलं, पण शोधणार काय?

तात्या मठात जाऊन आले. सध्याचे महाराज भले माणूस. थोरल्या महाराजांनी कुणाला काय दिलं ते मला ठाऊक नाही, म्हणाले. ताईंना घेऊन या, मी नव्यानं देतो.

काकीनं मान हलवली. "न्हाय. मी त्यांची."

मग तिनं व्यायाम सोडला. जेवण कमी झालं. माळ हातात घेऊन भिंतीकडे बघत बसायची. मी भरवायला गेले की एकच विचारायची, "जाताना काय म्हणू?" मी घास पुढे करायचे.

एका सकाळी तात्या आंघोळ करून तिच्या खाटेवर बसले. मी उठायला लागले.

"बस गं. तुला काय ऐकू येणार न्हाय."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या डोक्यावरून ओढला. आतून फक्त श्वास ऐकू आला. टॉवेल काढला तेव्हा काकी डोळे मिटून होती, कान देऊन ऐकल्यासारखी. मग तिनं डोळे उघडले.

"हा न्हाय."

"बरं," तात्या म्हणाले.

"तुमी तुमचा मला कशाला सांगितला?" झटक्यानंतरचं तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं ते. तात्यांनी तिची उशी नीट केली.

दिवाळीआधी ती गेली. तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते जवळ वाकूनही आम्हाला कळलं नाही.

मागच्या महिन्यात मी गावी गेले होते. तात्या पहाटे आंघोळ करून ओट्यावर बसतात, पण हातात माळ नसते. दोन दिवस बघून शेवटी मी विचारलं.

"काय म्हणून जपू? तिला लागू पडला न्हाय, अन् माझ्याकडं बी राहिला न्हाय."

थोड्या वेळानं ते उठले आणि उसाला पाणी पोचलंय का ते बघायला गेले.