काटकरकाकांचं थंडीचं डिझेल

चंदीगडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी सेक्टर सतराच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. 'आपले सुभेदार काटकर आज सकाळी गेले.' एवढीच ओळ. मी ती दोनदा वाचली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की गेले म्हणजे कुठे? ज्या माणसाला चार वर्षांत एका जागी दहा मिनिटं बसलेलं पाहिलं नाही, तो गेला म्हटल्यावर कुठल्या तरी रस्त्याला लागला असणार असंच वाटतं... डबा तसाच झाकला, ऑटो करून त्यांच्या घरी पोचले. शालनकाकू जमिनीवर बसल्या होत्या, डोळे कोरडे. "बुटाची नाडी बांधत होते गं," त्या म्हणाल्या. "एक बांधून झाली. दुसरी राहिली." याला आता दीड महिना झाला. अजूनही रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला की मी गॅलरीत जाते, आणि मग स्वतःवरच चिडून परत येते.

आमची ओळख सामानामुळे झाली. मी परभणीची, केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली झाली तेव्हा आईला घेऊन चंदीगडला आले. स्टेशनवरून कपाट, पलंग आणि आईचं शिलाई मशीन आणायला कुणीतरी एका पिकअपवाल्याचा नंबर दिला. गाडी आली, पांढरी, जुनी, पण आरशासारखी पुसलेली. उतरले ते सत्तरीला टेकलेले, ताठ, मिशाळ गृहस्थ. मी हिंदीत घासाघीस करत होते आणि मध्येच आईला मराठीत म्हणाले, "म्हातारा ऐकत नाही गं." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हातारा खटावचा हाय. सातारा जिल्हा. सगळं ऐकतो." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांनी कपाटाचं एक टोक स्वतः उचललं आणि वर तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. फौजेतली नोकरी संपल्यावर ते इथेच राहिले, कारण मुलगी आयटी पार्कमध्ये नोकरीला. ती त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. बदल्या होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी घरांचं सामान काकांच्या पिकअपमधूनच हलायचं. रिकामं बसणं त्यांना जमायचंच नाही.

त्यांच्या बेचैनीचं एक ठरलेलं ठिकाण होतं, पेट्रोल पंप. काकांबरोबर पंपावर जाणं म्हणजे शिक्षा. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट, आणि हे पंपावरच्या माणसाला डिझेलची डेन्सिटी तपासायला लावतायत. तो बिचारा काचेच्या नळकांड्यात डिझेल घेऊन त्यात घनता मोजायची कांडी बुडवायचा, काका डोळे बारीक करून रेघ बघायचे. महागातलं भारी डिझेल कुणी पुढे केलं तर म्हणायचे, "यार, ये टॉनिक जवान गाडी को पिलाओ. आमच्या म्हातारीला साधंच पचतं." मात्र दिवाळी संपली की त्यांचा सूर बदले. डिसेंबरात ते दरवर्षी न चुकता वर बर्फाच्या डोंगरांत, बोगद्यापलीकडे लाहौलला जायचे, आणि त्या प्रवासाची टाकी हा महिनाभराचा विषय असे. एकदा मी विचारलं, डिझेल ते डिझेल, त्यात एवढं काय? त्यांनी आमच्या मोरीतली खोबरेल तेलाची बाटली आणली. जानेवारीत ती घट्ट पांढरी झालेली. "हे बघ. डिझेलच्या पोटात बी मेण असतं. इथं समजत न्हाई. वर थंडी पडली की ते गोठतं, फिल्टर तुंबतो, गाडी मरते. म्हणून तिकडं थंडीचं डिझेल निराळं येतं. ते गोठत न्हाई." एवढं सांगून बाटली परत ठेवायला म्हणून उठले, ते तसेच दारातून बाहेर पडले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मलाही बरोबर नेलं. काकू, मी आणि ते. मागच्या हौद्यात लोकरीच्या रजया आणि एक शेगडी, "एका दोस्तासाठी." पहाटे निघालो. गावाबाहेरच्या पंपावर काका टायरची हवा बघायला गेले, मी गाडीशेजारी उभी. पंपावरच्या माणसाने विचारलं, कितना? लांबचा प्रवास, मदत म्हणून मी म्हणाले, "फुल कर दो." काका परत आले तेव्हा टाकी भरलेली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. "कुणी सांगितलं भरायला?" मी म्हणाले, मी. ते तसेच वळले. कुठून तरी नळी आणली, टाकीत घातली, तोंडाने ओढून डिझेल कॅनमध्ये काढायला लागले. थुंकत होते, पुन्हा ओढत होते. वरच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच ठेवून बाकीचं त्यांनी एका ट्रकवाल्याला देऊन टाकलं. मला राग आला. "काका, वर गेल्यावर वरचं मिसळलं असतं की!" "मिसळायला जागा कुठं ठेवलीस?" ते पहिल्यांदाच ओरडले. "अर्धी टाकी साधी उरली असती. अर्ध्या चुकीनं बी गाडी बंद पडते."

बिलासपूर मागे पडल्यावर काकूच म्हणाल्या, "सांगा आता तिला. उगाच पोरीला लागलं असंल." आणि काकांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं. फौजेतली गोष्ट. तेव्हा ते हवालदार होते, बर्फातल्या एका ठाण्यावर इंधनाच्या गोदामावर. दोन तऱ्हेची पिंपं, साधी आणि थंडीची. थंडीचं डिझेल कमी उरलं होतं, पुढच्या काफिल्यासाठी राखायचं होतं. अंगरूप नावाचा लाहौली ड्रायव्हर, वय तेवीस, औषधं आणि टपाल घेऊन खालच्या चौकीवर निघालेला. दोन तासांचं काम, वर ऊन पडलेलं. "साब, कौन-सा?" त्याने विचारलं. "साधं भर, म्हणालो. दोन तासांनी तर परत येणार तू." दुपारी वारं फिरलं. गाडी मध्येच बंद पडली. मदत पोचेपर्यंत पोराच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली होती. तीन कापावी लागली. चौकशीच्या कागदावर 'यांत्रिक बिघाड' असं आलं. काकांना कुणी काही विचारलंच नाही. "विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. एवढंच.

अंगरूपचं घर नदीच्या वर, चढणीला. तो लंगडत पुढे आला आणि काकांना असा बिलगला की मला क्षणभर ती गोष्ट खोटीच वाटली. मीठ घातलेला चहा आला, बटाट्याची भाजी आली, त्याच्या नातवंडांनी रजया उलगडून पाहिल्या. मग काकांनी भांडं खाली ठेवलं आणि विचारलं. दरवर्षी विचारायचे म्हणे. "अंगरूप, सच बता. डिझेल गोठलं होतं ना?" अंगरूप हसला. "बैटरी थी, साब. कितनी बार बोलूँ? बैटरी पुरानी थी." काकांनी मान हलवली, उठले, अंगणात गेले आणि थंडीत तिथेच येरझारा घालत राहिले... परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "काका, तो स्वतः सांगतोय, बॅटरी होती. आता तरी सोडा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात.

काका गेल्याचं अंगरूपला दोन आठवड्यांनी कळलं. रस्ता बर्फाने बंद होता, फोनही लागत नव्हता. उघडल्यावर पहिल्या बसने तो निघाला. मी त्याला सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावरून घेऊन आले. घरी आल्यावर त्याने काकांच्या फोटोला सलाम ठोकला, काकूंपुढे राजम्याची पिशवी ठेवली, आणि बसल्या बसल्या एकदम रडायला लागला. "भाभीजी, मी त्यांच्याशी खोटं बोललो," तो हिंदीत सांगायला लागला, " इतकी वर्षं. फिल्टर मीच उघडला होता, त्या बर्फात. आत पांढरं, मेणासारखं. डिझेलच होतं." मला वाटलं, काकू आता कोसळतील. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उनको मालूम था. ते म्हणायचे, चालती गाडी बॅटरीनं बंद पडत न्हाई." मी ते त्याला हिंदीत सांगायला लागले, पण त्याला कळलं होतं. "मालूम था? तो हर साल पूछते क्यों थे?"

काकूंनी पदराने हात पुसले. त्या म्हणाल्या, "एक बार तुम गाली दो, इसलिए. त्यांना कुणीच रागावलं न्हाई ना कधी."

अंगरूप खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, आधी साबना बरं वाटावं म्हणून बोललो. नंतर दुसरंच झालं. ते दर डिसेंबरला यायला लागले. त्या दिवसांत आमच्याकडे कोण येतं? माझी पोरं त्यांची वाट बघायची. "गाली देता तो साब का हिसाब पूरा हो जाता. फिर नहीं आते."

या वाक्याने माझी झोप उडवली आहे, ती अजून परत आलेली नाही. दोन भली माणसं, एक शिवी मागत होता आणि दुसरा ती देत नव्हता, आणि दोघांचंही एकमेकांवाचून चालत नव्हतं. काकांना त्याने एकदा खरं सांगायला हवं होतं का? कधी वाटतं, हो, माणूस शांतपणे गेला असता. मग डोळ्यांपुढे ती नातवंडं येतात, रजया उलगडणारी. सामानाची गाडी चालवणारा साधा सुभेदार, त्याच्याबद्दल पेपरात काय लिहायचं, असं त्यांच्या मुलीने विचारलं होतं. मला हेच लिहायचं होतं, की आपल्या चुकीची टाचणी कुणी टोचली नाही म्हणून तो ती स्वतःच टोचत राहिला, आणि त्या निमित्ताने एका घराला दर हिवाळ्यात ऊब पोचवत राहिला. हा लेख मी काकूंना आधी वाचून दाखवला आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: काका तेव्हा सत्तरीला टेकलेले नव्हते, चौसष्टचे होते. मी ती केलेली नाही. मला ते सत्तरीचेच वाटले होते.

पिकअप विकायची नाही असं ठरलं आहे. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात तेव्हा मी ती चालवायला शिकते आहे. ड्रायव्हरची सीट काकांच्या उंचीला अडकून बसली आहे, पुढे सरकत नाही. दोन उशा पाठीला लावल्या तरी क्लच पुरता दाबला जात नाही, गाडी आचके देते. शेजारी काकू दाराचं हँडल धरून बसतात. परवा अशीच गाडी तीनदा बंद पडली. मी वैतागून कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. तेवढ्यात काकूंनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या खटावी हिंदीत मोठ्याने बोलायला लागल्या.

"अंगरूप भैया? हाँ, शालन भाभी. दिसंबर में आते हम. हाँ, पक्का. लड़की गाड़ी लाएगी..." मग जरा थांबल्या, बाहेर बघत. "और सुनो. बैटरी का कुछ नहीं पूछेंगे."