वेशीत थांबलेली घोडी

माझ्या तोंडात लगाम घातला तेव्हा सूर्य बुडायचा होता. दसऱ्याची संध्याकाळ. वेशीसमोर सगळं गाव सोनं घेऊन उभं होतं. देशमुखाच्या कारभाऱ्यानं एका हातानं माझा जबडा दाबला, दुसऱ्या हातानं लोखंड दातांत सरकवलं आणि पट्टा डोक्यामागं आवळला. मग पाठीवर खोगीर ठेवलं. नुकतंच घोडीवरून काढलेलं. अजून गरम होतं.

"चल," देशमुख म्हणाला. "आता तू शीक अदब."

मी गुडघ्यावर आलो. हात मातीत टेकले आणि चाललो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या हातातल्या आपट्याच्या पानांकडं बघत होते.

लोखंडाला घोडीचं रक्त आणि लाळ लागलेली होती. गुळचट. लगाम घालताना मीच तिला गूळ भरवला होता.

हे कशामुळं झालं ते सांगतो.

आमची वस्ती वेशीबाहेर, ओढ्याच्या अंगाला. शिरूर कासारकडचा हा सगळा उघडा मुलूख. पाणी कमी, कुसळं मुबलक. तेव्हा मोगलाई होती. हैदराबाद लांब होतं, देशमुख जवळ होता. आमचा निजाम तोच. बा त्याच्या पागेत मोतद्दार होता. म्हणजे घोड्यांची लीद काढायची, खरारा करायचा, दाणावैरण बघायची. आज्यानंही जन्मभर तेच केलं. आम्ही घोड्याला शिवलेलं चालायचं. त्याच घोड्यावर देशमुख बसायचा, तेही चालायचं. मग आम्हीच तेवढे देशमुखाला का चालत नाही, असं मी लहानपणी बाला विचारलं होतं. त्यानं कानाखाली दिली. उत्तर त्यालाही ठाऊक नसावं.

ही घोडी माळेगावच्या जत्रेतून आणलेली. तेल्या रंगाची, म्हणजे काळपट तांबूस, देखणी. पण माणूस जवळ आला की कान मागं पाडायची. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुन्या जखमा होत्या. तिला फिरवून तयार करायला देशमुखानं बीडहून खास चाबुकस्वार बोलावला. त्यानं चाबकानं सुरुवात केली, तिनं लाथेनं शेवट केला. गडी बैलगाडीत आडवा होऊन परत गेला.

मग देशमुखानं मला पुढं बोलावलं. "तू बघ बे हिच्याकडं. दसऱ्याला हिच्यावर बसून शीव ओलांडायची हाय. तहसीलदारसायेब येणार हायेत. गावाम्होरं हिनं अदबीनं वागलं पायजे."

मी तिला माळावर नेलं, मोकळं सोडलं आणि तिच्याकडं पाठ करून बसलो. भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाला वाटलं, पोरगं कामचुकार निघालं. एका दुपारी तिचा श्वास माझ्या मानेला लागला. मी हललो नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

त्या दिवसापासून आमचा करार झाला. मी मागून जायचं नाही, आधी आवाज द्यायचा. हात उगारायचा नाही. खूर उचलायचा तर आधी पायावरून हात फिरवायचा, म्हणजे तिला विचारायचं. तिनं पाय आखडला तर थांबायचं. तिनंही चावायचं नाही, अंगावर यायचं नाही, जागा मागितली की द्यायची. मी तिला 'बाय' म्हणायचो. "सरक बाय" म्हटलं की सरकायची. लोखंड मी दसऱ्यापर्यंत तिच्या तोंडाला लावलंच नाही. सुती दोरीवर ती फिरू लागली. अदब म्हणतात ती ही. एका बाजूची असली तर तिला भीती म्हणतात.

माझ्याशी असं आजवर कुणी वागलं नव्हतं. ते मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

आमच्या गावचा एक रिवाज होता. आमच्यातल्या माणसानं माळावर घोडा फिरवला तर हरकत नाही. वेस आली की उतरायचं. पायातल्या वहाणा काढून काखेत धरायच्या, मान खाली घालायची आणि घोडा हातात धरून चालत आत जायचं. बाहेर जातानाही तसंच. वेशीपर्यंत चालत, बसायचं ते वेशीबाहेर. मी रोज तसंच करायचो. संध्याकाळी माळावरून आलो की वेशीच्या दगडापाशी उतरायचो. वहाणा काढीपर्यंत घोडी उभी राहायची, म्हणून तिला गुळाचा खडा द्यायचो. शहाणी होती. पुढं पुढं मी दोरी खेचायच्या आधीच ती दगडापाशी थांबायला लागली. मला कौतुक वाटायचं. गुणाची बाय माझी, असं म्हणून मी तिची मान थोपटायचो.

देशमुख तिच्यावर बसला तो माळावरच. दोन-तीनदा बसला, दर वेळी घोडी मी आधी तिथं नेऊन ठेवलेली. गावानं तिला दसऱ्यालाच बघायचं, असा त्याचा हट्ट होता. चांदीच्या फुलांचा लगामही त्याचाच हट्ट. मी त्याची लोखंडी कडी तिच्या तोंडात अलगद बसवली. तिनं माझ्याकडं बघितलं, पण घेतली.

दसऱ्याला तो वाड्यासमोर तिच्यावर बसला. बाजूला तहसीलदार दुसऱ्या घोड्यावर. ताशे वाजले. मिरवणूक वेशीतून बाहेर पडली आणि घोडी दगडाच्या पलीकडं क्षणभर थबकली. देशमुखानं टाच मारली तशी निघाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. रोज मी तिथंच तिच्यावर चढायचो.

मंडळी शिवेवर गेली. शमीची पूजा झाली, पानं लुटली. मी लांब, ओढ्याच्या काठी उभा होतो. तिला परत यायचंच होतं. मला पळून जावंसं वाटत होतं, पण मी वेशीकडं आलो.

परतताना सूर्य त्यांच्या पाठीशी होता. घोडी डौलात आली. दगडापाशी आली. थांबली.

देशमुखानं टाच मारली. ती थांबलेलीच. चाबूक मारला. तिच्या अंगावर शहारा आला, पण पाऊल उचललं नाही. मान वळवून तिनं वर बघितलं. मला कळत होतं ती काय म्हणतेय. वेस आली. उतर.

ताशे बंद पडले. दुसरा चाबूक. तिसरा. तोंडातून रक्त आलं. तरी ती उधळली नाही, मागच्या पायांवर उभी राहिली नाही. मी तिला शिकवलं होतं, माणसाला पाडायचं नाही.

तहसीलदार हसला. "देशमुखसाब, घोडी बोल रई, उतरो."

आणि देशमुख उतरला. दुसरं करणार काय. दगडापाशी, जिथं आम्ही उतरतो तिथं, भरजरी पटका बांधलेला देशमुख खाली उतरला. त्याबरोबर घोडी निमूट चालायला लागली. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी तोंडाला पदर लावला. त्यानं ते बघितलं.

"हिला हे कुणी शिकवलं बे?"

मी पुढं झालो. लपून उपयोग नव्हता. "मालक, आमी रोज येशीत उतरतोत. तिनं तेच बघितलंय."

"कावून उतरता तुमी?"

"रिवाज हाय, मालक. तुमचाच."

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं.

गुडघ्यावर चालताना जीभ लोखंडाखाली दबली होती. बोलता येत नव्हतं, म्हणून असेल, डोकं चालायला लागलं. वेशीत मीही थांबत होतो. मीही खाली मान घालत होतो. कुणी टाच मारावी लागत नव्हती. लहानपणी बानं मला याच दगडापाशी मानेला धरून वाकवलं होतं आणि त्याला त्याच्या बानं. घोडी गुळावर शिकली, आम्ही मारावर. तिला मी शिकवलं. मला देशमुखानं शिकवलं. आणि इतकं पक्कं शिकवलं की मी त्याला माझा स्वभाव समजत होतो. मला त्या क्षणी देशमुखापेक्षा माझ्या मानेचा जास्त राग आला.

वाड्यासमोर लगाम काढला. देशमुखानं हुकूम सोडला. "उद्या सकाळी हिला काटेरी लगाम. घालायचा तू, चाबूक मारायचा तू. येशीतून माणूस बसून आत जाईस्तोवर हाणायचं. न्हाई गेली तर हिला गोळी, आन् तुमच्या झोपड्याला काडी."

घरी आयनं माझे ओठ पुसले. बा बोलला.

"हाण लेकरा. जनावर हाय ते. इसरून जाईल."

"ती न्हाई इसरायची, बा. आन् मी बी न्हाई."

"मंग काय करणार?"

मी सांगितलं नाही. ऐकून त्यानं मला खांबाला बांधलं असतं.

सकाळी वेशीसमोर पुन्हा सगळं गाव. देशमुख आतल्या बाजूला बंदूक घेऊन खाटेवर बसलेला. कारभाऱ्यानं माझ्या हातात काटेरी लगाम दिला आणि चाबूक दिला. घोडी बाहेर बांधलेली. ओठ सुजलेले. मी आधी आवाज दिला, "बाय, मी हाय." तिनं कान पुढं केले. काल एवढं होऊनही कान पुढं केले.

चाबूक मी जमिनीवर ठेवला. काटेरी लगाम त्याच्यावर ठेवला. काखेतली सुती दोरी तिच्या तोंडावर बांधली आणि तिच्या उघड्या पाठीवर चढलो. पायांत वहाणा तशाच.

"ए! उतर बे!" कारभारी ओरडला.

घोडी दगडापाशी आली. थांबली. आणि माझी मांडी आपोआप उचलली गेली. सवय. ती परत खाली बसवायला मला जेवढा जोर लागला तेवढा आयुष्यात कशालाच लागला नाही. घोडी वाट बघत होती. एक कान मागं, माझ्याकडं. मी मान वर धरली. समोर देशमुखाच्या मांडीवरची बंदूक हलली.

"चल बाय. उतरायचं न्हाई."

तिनं वेळ घेतला. मी टाच मारली नाही. मग तिनं पाऊल उचललं. वेशीची सावली आमच्या अंगावरून सरकली आणि आम्ही आत होतो. माझ्या घराण्यातलं कुणी तिथून असं कधी गेलं नव्हतं.

मी खाटेसमोर जाऊन उतरलो. दोरी देशमुखाच्या हातात दिली. त्याच्या हाताला माझी बोटं लागली. लागू दिली.

"शिकली, मालक. आता येशीत कुणीच उतरायचं न्हाई."

घोडी चालली होती, म्हणून गोळी तिच्यावर चालवता आली नाही. माझ्यावर चालवली असती, पण तहसीलदाराचा मुक्काम अजून वाड्यात होता. मग काठ्या आल्या. डावा पाय तेव्हा मोडला, तो वाकडाच जुळला. दुपारपर्यंत झोपडी जळाली. बानं मला पाठीवर घेतलं आणि आम्ही पाथर्डीच्या अंगाला इंग्रजी हद्दीत आलो. इथं कुणी आमची वाट बघत नव्हतं. वेशी इथंही आहेत. बा इथंच गेला. मरेपर्यंत तो मला म्हणत होता, हाणलं असतंस तर घर राहिलं असतं. पण मला ते पटलं नाही, आजही नाही.

घोडी म्हातारी होऊन मेली म्हणे. दर दसऱ्याला देशमुख तिच्यावर बसून वेशीतून आत यायचा. ती परत कधी थांबली नाही. माझ्या शिकवणीवर तो मिरवला.

मी टांग्याची घोडी तयार करून पोट भरतो. काल देशमुखाच्या थोरल्या पोराचा माणूस दारात आला. नवीन शिंगरू आणलंय, कुणाला जवळ येऊ देत नाही, असं म्हणाला. "मालकांनी समदं इसरलंय. ये म्हणलेत."

"मी न्हाई इसरलो," मी म्हणालो. "पण येतो. घोड्यावर बसून येतो आन् येशीत उतरत न्हाई. तेवढं जाऊन सांग."

तो माझ्या पायाकडं बघत राहिला. "मारतील तुला."

"एक पाय अजून सरळ हाय. तेबी सांग."

तो गेला. आज सकाळीच मी घोड्यावर खोगीर घातलंय. वहाणा पायात आहेत.