शेजारणीचा पेपर

पाचवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सक्तीची झाली, नापास करायची सोय आली, तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत खूश होणाऱ्यांत मी पहिली. वाचता न येणारी पोरं पुढच्या वर्गात ढकलून मला वीट आला होता. माझं ते मत आजही फारसं बदललेलं नाही, हे आधीच सांगते.

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, वाडीत आमची शाळा, पाचवीपर्यंतच. त्या वर्षी पाचवीत दोघीच मुली. एक गणितात तरबेज, दुसरी सावकाशीची. तरबेज पोरीचा बाप मला बजावून गेला होता, "पास झाली तर आश्रमशाळेत धाडतो, बाई. नाय झाली तर घरीच. धाकट्याला कोण बघंल?"

गणिताच्या पेपरला देखरेखीला दुसऱ्या शाळेचे गुरुजी आले. मी बाहेर व्हरांड्यात. तरबेज पोरीचं लिहून लवकर झालं. ही उठली, शेजारणीला चिकटून बसली आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन खुशाल तिचा पेपर सोडवायला लागली. चोरून नाही, लपून नाही. गुरुजींनी दोघींचे पेपर रद्द केले.

"अगं, असं का केलंस?"

"माझा झाला ना, बाई. तिचा रायला व्हता."

माझं रागावणंच तिला कळेना. मी मुरबाडकडची, शेतकऱ्याच्याच घरची. मला लगेच कळलं. भात लावताना जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली पट्टी, आधी पुरी होते ती बांधावर बसत नाही, मागे राहिलेलीच्या पातीत शिरते. बसलीच तर बायका टोमणे मारून तिला नकोसं करतात. गुरुजींना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही." खरंच होतं ते. डोकं मात्र तापलं ते तापलंच.

जूनमध्ये फेरपरीक्षा होती. सुट्टीत दोघींना रोज शाळेत बोलावलं. सावकाश पोरीकडून भागाकार घोटवून घेतला. हिला गणित काय शिकवणार? हिला एवढंच शिकवलं, की शेजारी कुणी अडलं तरी मान वळवायची नाही. ते तिला भागाकारापेक्षा जड गेलं.

फेरपरीक्षेला मी खिडकीतून बघत होते. पेपर संपवून ती हाताची घडी घालून फळ्याकडे तोंड करून बसली, अगदी शेवटपर्यंत. ती पास झाली. दुसरी राहिली.

आश्रमशाळेत जायच्या दिवशी ती पिशवी घेऊन निरोपाला आली. मी म्हटलं, "शहाणी गं माझी बाय. सांगितलं तसं केलंस."

ती म्हणाली, "बाई, ती रडत व्हती. मला ऐकू येत व्हता."