चौथ्या मजल्याचा जिना

कडकमावशींनी तीस वर्षं लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली. शर्टाची कॉलर अशी कडक, की लोकांनी नावच तसं पाडलं. पण त्या तीस वर्षांनी पायांची पार वाट लावली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा, संध्याकाळपर्यंत घोटे टम्म. त्यात नवरा गेला, आणि खोलीत बोलायला भिंती तेवढ्या उरल्या.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहायची. "आई, इथे लिफ्ट नाही गं, चौसष्ट पायऱ्या आहेत. तू नको जिवाला त्रास करून घेऊस, आम्हीच येऊ," असं फोनवर म्हणायची. येणं काही व्हायचं नाही. दोन वर्षं अशीच गेली. नात बोलायला लागली, तीही मावशींनी फोनवरच ऐकली. त्यांना एकदाच, स्वतःच्या पायांनी, त्या दारापर्यंत पोचायचं होतं. बाकी काही नको.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पोटरी म्हणजे पायातला पंप. ती आवळली की रक्त वर चढतं. ओट्याला धरा आणि टाचा उचला."

"म्हणजे उभं राहून बिघडलेले पाय उभं राहूनच सुधारायचे?"

"नुसतं उभं राहून नाही, मावशी. हलून."

मग रोज सकाळी टाचा वर, टाचा खाली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. पहिल्या आठवड्यात तर बसल्या की बसल्याच. हातांसाठी लाँड्रीतून आणलेली जुनी, बंद पडलेली, जडशीळ इस्त्री. "जन्मभर तू मला राबवलंस, आता माझी पाळी," असं त्या इस्त्रीलाच सांगायच्या. दुसरं होतं कोण ऐकायला? लेकीकडे पायऱ्या चौसष्ट, यांच्या जिन्याला सोळा. म्हणून त्या चारदा वर जायच्या, चारदा खाली.

"मावशी, आज काय विसरलात वर?" शेजारी चिडवायचा.

"अक्कल," म्हणायच्या आणि पुन्हा चढायच्या.

सात महिन्यांनी एका रविवारी नातीसाठी घेतलेल्या फ्रॉकला त्यांनी कडक इस्त्री केली आणि न कळवताच निघाल्या.

लेकीच्या इमारतीत जिन्याशेजारीच लिफ्ट होती. मावशींना आधी वाटलं, इमारत चुकली.

"कितवा मजला, आजी?" लिफ्टचं दार धरून एका बाईने विचारलं.

"ही कधी बसवली?"

"झालं की दीड वर्ष. या ना."

परत फिरावं, असं मावशींना वाटून गेलं. मग "तुम्ही व्हा पुढे," म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरला. चौसष्ट पायऱ्यांत एकदाही बसल्या नाहीत. धाप लागली, पण पाय लटपटले नाहीत.

दार लेकीनेच उघडलं. तिची नजर आधी लिफ्टकडे गेली.

"आई? तू कशी आलीस?"

"जिन्याने," मावशी म्हणाल्या. "तुमच्याकडे लिफ्ट नाही ना."

लेकीच्या मागून नात डोकावली. फ्रॉक तिला लहान होणार, हे मावशींना दारातूनच दिसलं.