एका वेळी दहाच

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संगणक होते सोळा आणि इंटरनेट होतं दहा जणांपुरतं. हे सोळा आणि दहाचं त्रांगडं लोकांना समजावण्यात बाईंची बारा वर्षं गेली. लोक त्यांना दहाबाई म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण बाईंना कान होते.

कनेक्शन एकच. ते सगळ्या संगणकांना वाटून देणारा एक प्रोग्राम होता आणि त्याचं लायसन्स दहांचं. दिवसभरात शंभर जण येऊन गेले तरी त्याची हरकत नव्हती, पण एका वेळी आत दहाच. अकराव्याच्या पडद्यावर पाटी यायची: जागा नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा. मग अकरावा ओरडायचा, "बाई, हा बंद पडलाय!"

"बंद नाही पडला. कोणीतरी उठेल, मग तुम्ही बसा."

"अहो, मी बसलोच आहे की!"

आता यावर काय बोलणार? वरच्यांनी संगणक घेताना हात सैल सोडला आणि लायसन्स घेताना आखडला, शिक्षा मात्र बाईंना. त्यात लोकांची खोड अशी, की काम झालं की 'बाहेर पडा' हे बटण न दाबताच चालू पडायचं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरायची आणि आपण उतरून जायचं, तशातली गत. प्रोग्राम बिचारा ती जागा तासभर राखून ठेवायचा. म्हणून बाईंच्या टेबलावर एक यादी कायम उघडी असे: कोणता नंबर आत आहे आणि किती मिनिटं त्याची हालचाल नाही. वीस मिनिटं झाली, की बाई त्या नंबरला बाहेर काढत. काम चालू असलेल्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही.

त्या मंगळवारी बाईंचं स्वतःचं काम होतं. वर्षापूर्वी त्यांच्या नवऱ्याचं उजवं अंग गेलं. दुपारी शेजारीण डोकावून पाणी द्यायची, बाकी ते छताकडे बघत पडून असत. बाईंना आता नोकरी नको होती. इतक्या थकल्या होत्या, की जिना चढताना रोज मधल्या पायरीवर थांबत. मुदतीआधी निवृत्ती घ्यायचा अर्ज वर्षातून एकदाच भरता येई, तोही फक्त वाचनालयाच्या कनेक्शनवरून. शेवटचा दिवस आज, वेळ पाचपर्यंत. आणि साहेबांच्या सहीला मुहूर्त लागला दुपारी तीनला!

टेबलावरच्या संगणकावर नुसती यादी दिसे, इंटरनेट नव्हतं. म्हणून बाई सहा नंबरवर जाऊन बसल्या. दोन पानं भरून झाली. एवढ्यात चौदा नंबरवरचे आजोबा कळवळून म्हणाले, "बाई, माझं सगळं पत्र गेलं हो!" बाई उठल्या. पत्र शोधलं, सापडलं, मग आजोबांनी ते पहिल्यापासून वाचूनही दाखवलं. नाही कसं म्हणणार?

तेवढ्यात दारातून एक नर्स धावत आली आणि अकरा नंबरवर बसली. पावणेपाचला तिची नोकरीची परीक्षा, आणि पडद्यावर तीच पाटी. तिचा चेहरा रडवेला झाला. "बाई, काहीतरी करा ना!"

बाई लगबगीनं टेबलाशी गेल्या. यादीत सहा नंबर, बावीस मिनिटं हालचाल नाही. "कोण हे महाशय? स्वतः गेले आणि जागा अडवून गेले!" बाई पुटपुटल्या आणि बारा वर्षांच्या सवयीनं त्याला काढून टाकलं. अकरा नंबर चालू झाला. "बाई, उपकार झाले," नर्स म्हणाली. बाईंना बरं वाटलं. मग त्या आपला अर्ज पुरा करायला सहा नंबरशी आल्या.

जागा नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

बाईंनी ते दोनदा वाचलं. भरलेली पानंही गेली होती. पाचला बारा मिनिटं कमी.

त्या पुन्हा यादीशी गेल्या. दहाच्या दहा नंबर हलते. अकरा काढला असता तर जागा हातातच होती. बाईंचं बोट तिथवर गेलंसुद्धा. नर्स मान खाली घालून भराभरा उत्तरं लिहीत होती. बाईंनी बोट मागे घेतलं.

"कोणी जरा उठाल का हो?" त्यांनी खोलीला विचारलं.

"बाई, पाचच मिनिटं!" तीन कोपऱ्यांतून एकदम उत्तर आलं. मान कोणीच वर केली नाही. जागा मला हवी आहे, माझ्यासाठी हवी आहे, एवढं बाईंना सांगता आलं नाही. स्वतःसाठी मागायची जिभेला सवयच नव्हती. एकजण उठला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

बाईंनी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"झालं?" नवऱ्यानं विचारलं. हल्ली एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागे.

"नाही."

"कोणी... अडवलं?"

"कोणी नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. "मीच मला उठवलं."