सोडलेला वाटा

भाडेकरार नोंदवायला रजिस्ट्रार कचेरीत गेले होते. माझ्या शेजारी साठीची एक बाई आणि तिचा भाऊ बसले होते. वडिलांच्या इस्टेटीतला आपला वाटा ती भावाला सोडून देत होती. आमच्याकडे बहिणी बहुतेक असंच करतात. न करणारीला लोक नावं ठेवतात.

खिडकीतून एका इस्टेट एजंटची पाटी दिसत होती. तिच्यावर इस्टेट म्हणजे फ्लॅट आणि प्लॉट. पलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नुसत्या पत्र्याच्या शेड. माझे वडील मात्र आम्हा दोघी बहिणींकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची इस्टेट." घर भाड्याचं होतं, म्हणून मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

तेवढ्यात त्या दोघांचा नंबर आला. कारकुनानं नेहमीच्या सुरात विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना, मावशी?"

"हो." मग तिनं विचारलं, "साहेब, यात दिवाळीला माहेरी येणंही सुटतं का हो?"

"ते कागदात येत नाही."

तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून तिच्यापुढे धरलं.